दोष मेंदूचा की पुरवठ्याचा?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)
— एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड., उमरी



‘शिक्षण आणि उद्योग’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे चिटणीस साहेबांनी सांगितले, तेव्हा मी मनातून कचरलो. मी इतिहास-भूगोल शिकवणारा माणूस. घरातला फ्यूज गेला तर शेजाऱ्याला हाक मारणारा. अशा माणसाने यंत्रांविषयी काय बोलावे? तरीही मी उभा राहिलो, कारण गेल्या हंगामात माझ्याच एका विद्यार्थ्याने मला एक धडा शिकवला. तो मी माझ्यापुरता ठेवला तर शिक्षकाच्या पेशाला न्याय होणार नाही. आता जे सांगणार आहे, त्यातले तांत्रिक ज्ञान सारे त्याचे आहे. त्यातली चूक मात्र माझी आहे.

हा मुलगा आपल्याच गावचा. दहावीनंतर आय.टी.आय. केली आणि आज एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या हाताखाली काम करतो. जानेवारीत एका रविवारी त्याने मला कारखाना पाहायला नेले. आपल्यापैकी पुष्कळांनी कारखान्याची चिमणी पाहिली आहे, उसाच्या गाड्या पाहिल्या आहेत. पण गव्हाणीत पडणारा ऊस किती वेगाने पुढे जावा, कोणती मोटर केव्हा थांबावी, हे ठरवणारी वस्तू मी त्या दिवशी प्रथम पाहिली. ते एक लोखंडी कपाट होते. आत पुस्तकांच्या फळीसारखी एक चौकट, तिला रॅक म्हणतात. त्या रॅकमध्ये ओळीने उभी खोचलेली कार्डे होती. एक कार्ड विचार करते, त्याला प्रोसेसर म्हणतात. काही कार्डे बाहेरची खबर आत आणतात, काही कार्डे आतला हुकूम बाहेर पोचवतात. आणि अगदी कडेला एक साधा, जड, कोणाचे लक्ष न जाणारा डबा. तोच पॉवर सप्लाय. आपल्या तारांमधून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन तो कार्डांना मानवेल अशी ५ व्होल्टची आणि बाहेरच्या उपकरणांना लागणारी २४ व्होल्टची स्थिर वीज तयार करतो. शाळेच्या भाषेत सांगायचे तर प्रोसेसर म्हणजे मुख्याध्यापक, कार्डे म्हणजे आम्ही शिक्षक, आणि हा डबा म्हणजे घरची चूल. चूल पेटली नाही तर मुख्याध्यापकांची विद्वत्ता काय कामाची?

इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे दोन सनावळ्या सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वी ही कामे शेकडो रिले आणि मैलभर तारा करीत. १९६८ मध्ये अमेरिकेत डिक मोर्ली या अभियंत्याने त्याऐवजी कार्यक्रम बदलता येईल असे यंत्र कल्पिले, आणि त्यातून मॉडिकॉन ०८४ हे यंत्र जन्माला आले. जर्मनीच्या सीमेन्स कंपनीची एस-५ ही मालिका १९७९ ची, आणि तिच्यामागून १९९० च्या दशकात एस-७ आली. त्या मालिकेतल्या एस-७-३०० या पुढच्या पिढीच्या यंत्रालाही कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून निवृत्तीच्या वाटेला लावले. म्हणजे यंत्रे बाजारातून जातात, पण कारखान्यातून जात नाहीत. आपल्या परळी वैजनाथला २१० मेगावॅटचे पहिले तीन संच १९८० ते १९८७ या काळात उभे राहिले. तेव्हापासून आजपर्यंत मराठवाड्यात जे जे कारखाने आले, त्यांतल्या कित्येकांतली कपाटे आता तीस-पस्तीस वर्षांची झाली आहेत. नवी घ्यायची तर सगळी तारजोड आणि कार्यक्रम नव्याने करावा लागतो. म्हणून जुनी टिकवणारे हात लागतात.

आता त्या रात्रीची हकिगत ऐका. गळीत हंगाम ऐन भरात होता. यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागलेली. आणि हे कपाट दिवसातून दोन-तीनदा अचानक बंद पडू लागले. गव्हाण थांबे, मिल थांबे, पाच-दहा मिनिटांनी कपाट पुन्हा आपोआप सुरू होई. तोडलेला ऊस उभा राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरही घटते, हे शेतकरी पालकांना मी सांगायला नको. त्यात नुकसान कारखान्याचे तसेच ऊसवाल्याचेही. सर्वांचा निष्कर्ष झाला की प्रोसेसर गेला. ‘मेंदूच गेला, दुसरा मागवा.’ हे जुने कार्ड आता नवे मिळत नाही. वापरलेल्या कार्डाचा भाव व्यापाऱ्याने लाखाच्या वर सांगितला आणि यायला आठ दिवस लागतील म्हणाला.

आमचा हा पोरगा हाताखालचा माणूस. तो हळूच म्हणाला, “उस्ताद, आधी सप्लाय बघायचा का?” उस्तादांनी मीटर लावून दाखवला. मीटरवर ४.९५ व्होल्ट. पाचाला पाच टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे ४.७५ ते ५.२५ पर्यंत ठीक. सप्लाय पास झाला आणि विषय संपला.

पण याने विषय सोडला नाही. चार दिवस वहीत तो एकच गोष्ट लिहीत गेला: कपाट केव्हा थांबले, त्या वेळी काय चालू होते, कपाटात उकाडा किती होता. चार दिवसांनी वहीच बोलू लागली. पहाटेच्या गारव्यात कपाट एकदाही थांबले नव्हते. थांबे ते दुपारी दोननंतर, आणि तेही एकदम पुष्कळ हुकूम सुटले म्हणजे. मेंदू बिघडला असता तर त्याने घड्याळ पाहिले नसते. ही लक्षणे भुकेची होती.

मग त्याने ओळखीतून ऑसिलोस्कोप मागून आणला. हे यंत्र विजेचा आलेख काढून दाखवते. त्या आलेखात सरळ रेषा असायला हवी होती. दिसली ती करवतीच्या दात्यांसारखी रेषा. सेकंदाला शंभर वेळा व्होल्टेज खाली घसरत होते आणि दुपारच्या वेळी त्या खळग्यांचा तळ ४.६ च्या आसपास जात होता. प्रोसेसर तेवढ्यात गोंधळून स्वतःला बंद करून घेई. मग मीटरने ४.९५ कसे दाखवले? मीटर खोटे बोलत नव्हता. तो सरासरी सांगत होता.

विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. वर्गाची सरासरी साठ टक्के आली म्हणून वर्गात कोणी नापास नाही असे होत नाही. सरासरी खड्डे झाकते. मीटरची सरासरी मी पाहिली तेव्हा मला माझे गुणपत्रक आठवले. त्याकडे मी नंतर येतो.

हे खळगे का पडले? सप्लायमध्ये डब्यासारखे छोटे कपॅसिटर असतात. आपल्या घरावरची पाण्याची टाकी जशी नळ नसताना पाणी पुरवते, तसे ते विजेच्या दोन लाटांमधला खड्डा भरून काढतात. त्यांच्या आत एक ओला द्रव असतो. उष्णतेने तो वर्षानुवर्षे सुकत जातो, टाकी लहान होत जाते आणि खड्डे उघडे पडतात. यात गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एक सुंदर उदाहरण आहे. ठोकताळा असा की तापमान दर १० अंशांनी उतरले की कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते. एखाद्यावर १०५ अंशांना २,००० तास असे लिहिले असेल आणि तो ६५ अंशांत चालला, तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास, अखंड चालवला तर साडेतीन वर्षांच्या थोडे वर. तोच ४५ अंशांत ठेवला तर १,२८,००० तास, म्हणजे साडेचौदा वर्षे. वीस अंशांचा फरक आणि अकरा वर्षांचे आयुष्य!

आणि आमच्या कपाटातला पंखाच बंद होता. जाळीवर बगॅसचा भुसा इतका बसला होता की हवा आत जायला वाट नव्हती. पंखा केव्हा थांबला, कोणाला ठाऊक नव्हते. म्हणजे प्रोसेसरवर ठपका, दोष सप्लायचा, आणि सप्लायच्या दोषाचे मूळ दहा रुपयांच्या ब्रशने निघणाऱ्या भुशात.

एक जुळणारा पॉवर सप्लाय भांडारात होता. तो बसवायला एक जण मेन स्विचकडे गेला, तेव्हा या मुलाने त्याचा हात धरला. कपाटावर एक लाल दिवा कित्येक दिवसांपासून लागलेला होता. तो आतल्या बॅटरीचा होता. अशा जुन्या रॅकमध्ये सगळा कार्यक्रम पुष्कळदा एका लहान बॅटरीच्या जिवावर स्मरणात राहतो. बॅटरी मेलेली असताना वीज तोडली की पस्तीस वर्षांची स्मृती क्षणात पुसली जाते. मग सप्लाय नवा, प्रोसेसर चांगला, पण डोक्यात काहीच नाही! त्याने आधी कार्यक्रमाची प्रत काढून घेतली आणि ती पडताळली. मग वीज चालू असतानाच, त्या यंत्राच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, बॅटरी बदलली. मगच स्विचला हात लावू दिला.

पुढची रीत मी त्याच्या तोंडून लिहून घेतली आहे. आय.टी.आय.च्या मुलांनी ती वहीत उतरवून घ्यावी.

वीज बंद केल्यावर स्विचला कुलूप आणि आपल्या नावाची पाटी लावायची, म्हणजे दुसऱ्याने चुकून चालू करू नये. त्यानंतरही लगेच हात घालायचा नाही. सप्लायच्या आत २३० व्होल्टचे सव्वातीनशे व्होल्ट होऊन कपॅसिटरमध्ये साठलेले असतात आणि वीज गेल्यावरही ते काही काळ राहतात. पाच-दहा मिनिटे थांबून मीटरने शून्य पाहायचे, मगच हात.

प्रत्येक तारेचा फोटो काढायचा आणि तारेला क्रमांकाची फेरूल घालायची. ‘माझ्या लक्षात राहील’ हे वाक्य कारखान्यात सगळ्यात महाग पडते. नव्या सप्लायवर ११५ की २३० व्होल्ट हे ठरवणारी पट्टी असते काय, ते पाहायचे. परदेशी यंत्र ११५ वर ठेवलेले असले आणि आपण २३० दिले, तर नवे यंत्र पहिल्याच क्षणी जळते. सगळी कार्डे मिळून किती अँपिअर घेतात त्याची बेरीज करायची आणि सप्लायची ताकद त्याहून पुरेशी जास्त आहे याची खात्री करायची.

सप्लाय बसवल्यावर एकदम सगळे सुरू करायचे नाही. कार्डे बाहेर ओढून, यंत्राच्या पुस्तकात सांगितलेला किमान भार देऊन, आधी व्होल्टेज पाहायचे. मग वीज बंद करून एक कार्ड, पुन्हा चालू करून मोजणी, असे पुढे जायचे. शेवटी रॅकच्या दूरच्या टोकाला मोजायचे, कारण सप्लायच्या तोंडाशी वीज पुरेशी असली तरी शेवटच्या कार्डापर्यंत ती पोचतेच असे नाही.

अजून एक गोष्ट त्याने सांगितली. कधी कधी सप्लाय चालू-बंद, चालू-बंद असा उचकी लागल्यासारखा वागतो. लोक तो बिघडला म्हणून फेकतात. पुष्कळदा तो बिघडलेला नसतो. बाहेर कुठेतरी उंदराने तार कुरतडलेली असते किंवा एखाद्या उपकरणात पाणी शिरलेले असते, आणि तो स्वतःला वाचवत असतो. अशा वेळी बाहेरच्या तारा एकेक करून सोडायच्या. जी सोडल्यावर उचकी थांबेल, दोष त्या वाटेवर. फ्यूज उडाला तर मोठ्या अँपिअरचा घालून गाडी पुढे ढकलायची नाही. फ्यूजने आपले काम केलेले असते. त्याने ते का केले, ते आपण शोधायचे.

आणि भांडारातला सप्लायही म्हातारा होतो. दहा वर्षे नुसता पडून राहिलेला कपॅसिटर एकदम पूर्ण व्होल्टेजवर घेतला तर दगा देऊ शकतो. म्हणून ठेवणीतला सप्लाय दर हंगामाआधी टेबलावर चालवून पाहावा आणि त्यावर तारीख लिहावी.

त्या संध्याकाळी कपाट सुरू झाले. जाळी साफ झाली होती, पंखा नवा बसला होता. पुढे हंगाम संपेपर्यंत ते एकदाही थांबले नाही. लाखाचे कार्ड कोणी मागवले नाही. काढलेला सप्लाय त्याने बाजूला ठेवला आणि हंगामानंतर नवे, १०५ अंशांचे कपॅसिटर घालून, उलटसुलट टोके नीट पाहून, तो दुरुस्त केला. आज तोच ठेवणीत आहे.

आता माझ्या चुकीकडे येतो.

हा मुलगा नववीत माझ्या वर्गात होता. त्या वेळी मी ज्या शाळेत होतो, तिथे तो शेवटच्या बाकावर बसे आणि दुसऱ्या तासाला झोपे. फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेई. चाचणीत गुण कमी. मी त्याच्या प्रगतिपत्रकावर लिहिले, “आकलन मंद.” एवढ्यावर थांबलो नाही. त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले, “चाचा, याच्याकडून शिक्षण होणार नाही. उगाच वर्षे घालवू नका, कामाला लावा.” ते बिचारे खाली मान घालून “जी सर” म्हणाले आणि गेले. शिक्षकाचा शब्द त्यांच्या दृष्टीने निकाल होता.

शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला विचारले, “सर, तो पहाटे काय करतो, विचारलंत का?” मी विचारले नव्हते. वडिलांचा स्टेशनबाहेर चहाचा गाडा होता. पोरगा साडेतीनला उठून स्टोव्ह पेटवी, पहाटेच्या गाड्या गेल्यावर भांडी घासून, पुष्कळदा काही न खाता, शाळेत येई. आणि त्याच वर्षी शाळेत डोळ्यांची तपासणी झाली, तेव्हा कळले की त्याला फळा दिसतच नव्हता. बाईंनी त्याला चष्मा मिळवून दिला, पहिल्या बाकावर बसवला आणि वडिलांना भेटून पहाटेचे काम आठवड्यातून तीनच दिवसांवर आणले. शाळा सोडायची राहिली. दोन वर्षांनी तो दहावी पास झाला. गुण फार नव्हते, पण आय.टी.आय.ला पुरेसे होते.

माझ्या हातात गुणपत्रक होते, म्हणजे सरासरी दाखवणारा मीटर. पहाटेचा खड्डा मी पाहिला नाही. सप्लाय न तपासता मी मेंदूवर ठपका ठेवला. बाई नसत्या, तर चार दिवस चिकाटीने वही लिहिणारा तो मुलगा आज त्या कपाटापुढे उभा नसता.

कारखान्यातून परत येताना मी हे सारे त्याच्यापुढे कबूल केले. तो हसला आणि म्हणाला, “सर, उस्तादांनी पण मीटर लावूनच सांगितलं होतं. चुकीचं नव्हतं, अपुरं होतं.” माझ्या विद्यार्थ्याने मला इतक्या अदबीने पास केले! मी मात्र स्वतःला अजून पास केलेले नाही.

पालकहो, मी उपदेश करण्याच्या योग्यतेचा नाही, विनंती करतो. मूल मागे पडले की ‘डोके नाही’ म्हणण्याआधी चार गोष्टी तपासा. रात्री झोप किती होते? सकाळी पोटात काय जाते? फळा दिसतो का, ऐकू येते का? घरात अभ्यासाला दिवा आणि एक कोपरा आहे का? आणि या गोष्टी एकदा नव्हे, वेगवेगळ्या वेळी तपासा, कारण दोष दुपारी दिसतो आणि आपण पाहतो सकाळी. परिस्थिती कशी असते ते मी जाणतो. गाडा चालवायचा तर हात लागतात. पण परीक्षेच्या महिन्यात तरी ते हात घरातल्या मोठ्यांचे असावेत.

विद्यार्थी मित्रांनो, आणि माझ्या मुलींनो, तुम्हालाही ऐकायचे आहे. दहावीनंतर इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आय.टी.आय.मध्ये असतात. पुढे शिकायचे तर नांदेडची श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आपल्या जिल्ह्यात आहे आणि तिथे इन्स्ट्रुमेंटेशनचे शिक्षण मिळते. कपाटापुढच्या या कामात पोती उचलायची नसतात. लागते ती नजर, नीटनेटकेपणा आणि नोंदवही. त्यात आमच्या मुली मागे पडतील असे मला वाटत नाही. हाताने काम करणारा कमी शिकलेला असतो हा समज सोडा. त्या मुलाच्या वहीत मी जो कार्यकारणभाव पाहिला, तो माझ्या बी.ए.च्या उत्तरपत्रिकेत नव्हता.

 घरी गेल्यावर एवढेच करा. आज रात्री आपल्या मुलाचे प्रगतिपत्रक बाजूला ठेवा आणि त्याला विचारा, “बाळा, तुला फळा नीट दिसतो ना?”

चूकभूल द्यावी-घ्यावी. जय हिंद, जय महाराष्ट्र.